मोटारीचा ‘ऑटो’ व त्याचें माहितीपत्रक

विहिरीवरील मोटार घरबसल्या सुरू व बंद करणारा मोबाईल ऑटो आतां आमच्या बागायतदार बंधूंस नवा राहिलेला नाहीं. ज्यांच्या फीडरला रात्रीची पाळी असते, त्यांचें काळोखांतून विहिरीवर जाणें व विंचूकाट्याचें भय ह्या यंत्रानें टळतें. यंत्राविषयीं आमची तक्रार नाहीं; ती आहे पेटींत घडी घालून ठेवलेल्या कागदाविषयीं. तो बहुधा इंग्रजींत व मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. मराठी असलेंच तर तें शब्दाला शब्द लावून केलेलें. ‘ड्राय रन’ म्हणजे ‘कोरडी धाव’ असें वाचून कोणा शेतकऱ्यास काय बोध व्हावा? त्यापेक्षां मूळ इंग्रजी बरें.

वास्तविक गोष्ट अवघड नाहीं. विहिरीचें पाणी तुटून पंप हवा ओढूं लागला म्हणजे मोटारीवरील भार हलका होतो व ती कमी अँपियर घेते. ही घट ओळखून मोटार बंद करणें हें ‘ड्राय रन’चें काम होय. तें न झाल्यास, पाणबुडी मोटारीस थंडावा पाण्यापासूनच मिळत असल्यामुळें, ती तापून जळते. रिवाइंडिंगचा खर्च तर येतोच, पण ऐन उन्हाळ्यांत पिकाची पाळी चुकते तें नुकसान त्याहून मोठें.

आतां घट म्हणजे किती घट, हें ऑटोस प्रथम शिकवावें लागतें. पत्रकांत ‘सेटिंगचें बटन दाबा’ एवढेंच असतें. केव्हां दाबा, हें नसतें. सर्व मर्म ह्या ‘केव्हां’मध्यें आहे. पाइप भरून पाणी पूर्ण धारेनें पडत असतांनाच तें बटन दाबलें पाहिजे. समजा, भरल्या विहिरीवर मोटार 10 अँपियर घेते. पाणी तुटत आलें असतां, ती 7 अँपियर घेत असतांना सेटिंग केलें, तर ऑटो 7 हेंच निरोगी प्रमाण समजतो, आणि पुढें मोटार खरोखर कोरडी चालली तरी ती बंद होईलच असें नाहीं. उलट मर्यादा फार जवळ ठेविली, तर दाब थोडा खालींवर होतांच मोटार वारंवार थांबते. मग गडी कंटाळून बायपासचा खटका टाकतो, व ज्यासाठीं पैसे मोजले तें संरक्षणच नाहींसें होतें.

तीच कथा विलंबाच्या बटनाची. वीज येतांच साऱ्या शिवारांतील मोटारी एकाच क्षणीं सुरू झाल्या, तर रोहित्रावर भार कोसळतो, कारण सुरू होतांना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. महावितरण ऑटो काढण्याविषयीं वारंवार सांगतें तें ह्याचसाठीं. शेजाऱ्याशेजाऱ्यांनीं विलंब निरनिराळा ठेवावा, हें एक वाक्य पत्रकांत घालण्यास कितीशी शाई लागली असती?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचें 84 वें कलम येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयीं इशारा न दिल्यामुळें हानि झाल्यास, त्याची जबाबदारी उत्पादकावर येऊं शकते. सूचना कोणत्या भाषेंत असाव्या, हें मात्र त्या कलमांत सांगितलेलें नाहीं, आणि आमच्या मतें खरी उणीव तेथेंच आहे.

तोंवर आमची सूचना अशी. ऑटो बसविणाऱ्या कारागिरास, पाणी पूर्ण पडत असतां आपल्यासमक्ष सेटिंग करावयास लावावें, व त्याचे पैसे त्यानंतरच चुकते करावे. चालू मोटारीचे अँपियर, ड्राय रनची मर्यादा, विलंबाचे सेकंद व सेटिंगची तारीख हीं स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आंतून तैलरंगानें लिहून ठेवावीं. मोटार वा पंप बदलल्यास, अथवा पंप अधिक खोल सोडल्यास, सेटिंग पुन्हां करावें व जुने आंकडे खोडून टाकावे.