घर तेच, संसार नवा (लेख ६) : चिऱ्याच्या भिंतीला चुना

मागच्या आठवड्यात कौलांचं बोललो. आता छपरावरून उतरून भिंतींकडे येऊ. कोकणातल्या जुन्या घराची डागडुजी काढली की पहिला सल्ला ठरलेला असतो : जुना गिलावा फोडा, सिमेंटचा मारा, वरून वॉटरप्रूफ रंग द्या, मग बघायला नको. काही पावसाळे जातात. जोत्यापासून हात-दीड हात उंचीवर रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, मागून पांढरा लोणा डोकावतो. आणि दोष येतो जांभ्याच्या माथी.

जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हत्यारानं सहज तासता येतो. हवा लागली की कडक होतो. पण कडक झाला तरी अंगातली भोकं तशीच राहतात. जमिनीतलं पाणी त्यांतून वर चढतं आणि येताना क्षार घेऊन येतं. भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर ही ओल त्यातून वाफ होऊन निघून जाते. क्षार गिलाव्यात साठतात, काही वर्षांनी तो खालचा पट्टा भुसभुशीत होतो, तेवढाच खरवडून नवा लावायचा. झिजायचं ते गिलाव्यानं, चिऱ्यानं नाही, असाच तो हिशेब आहे. सिमेंटच्या घट्ट थरानं ही वाट अडते. पाणी मग आणखी वर चढतं, क्षारांचे स्फटिक थरामागे वाढतात आणि गिलावा ढकलून पाडतात. जाताना तो चिऱ्याचा पापुद्राही घेऊन जातो, कारण सिमेंट जांभ्यापेक्षा हट्टी. प्लॅस्टिक रंगांचंही तेच. डब्यावर हिरवं पान छापलेलं असलं तरी.

पर्यावरणाच्या अंगानं पाहिलं तर दोन्हींचं मूळ चुनखडीच. चुन्यासाठी ती साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजावी लागते, सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंश लागतात. भाजताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडे सुटतो. मात्र चुन्याचा गिलावा घट्ट होतो तोच मुळी हवेतला तो वायू परत शोषून. इंधनाचा धूर काही परत येत नाही, त्यामुळे चुना धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणणार नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के धरतात. आपल्या एका पडवीनं त्यात फरक पडत नाही. खरी बचत आहे ती दर काही वर्षांनी अख्खी भिंत फोडून तो राडारोडा वहाळाकाठी नेऊन न टाकण्यात.

गिलाव्याला हात लावण्याआधी एकदा घराभोवती फिरून या. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना भराव टाकला आणि अंगण जोत्याच्या वर आलं, असं हल्ली सर्रास दिसतं. पागोळ्यांचं पाणी मग भिंतीच्या बुडाशीच मुरतं. अशा वेळी भिंतीलगतची फरशी काढून चर खणणं, त्यात खडी भरणं आणि उतार बाहेरच्या बाजूला देणं हाच निम्मा इलाज. यात गवंड्याचं कौशल्य लागत नाही म्हणून तो कोणी सुचवत नाही.

आता चुना. कळीचा चुना पाण्यात विरवताना उकळतो, डोळ्यांत उडाला तर भाजतो; चष्मा आणि हातमोजे घालायचेच, मुलांना लांब ठेवायचं. विरवलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. सर्वसाधारण प्रमाण एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओलसर भिंतीवर वाळूतला काही हिस्सा सुरखीचा, म्हणजे विटेच्या भुकटीचा घालावा. त्यानं चुना दमट हवेतही धरतो. अनेक गडांवर चुन्याची घाणी अजून दिसते : गोल दगडी चर आणि त्यात बैलांनी फिरवायचं दगडी चाक. पूर्वी मळण्यावर एवढी मेहनत होती. गूळ, बेलफळ, हिरडा घालायची रीतही जुनी आहे. पण नीट न मळलेल्या चुन्याला गूळ वाचवत नाही.

थर पातळ द्यायचे, प्रत्येक थर धरू द्यायचा आणि उन्हानं घाईत सुकू नये म्हणून गोणपाट ओलं करून लावायचं. ऐन पावसात हे काम काढू नये. वरून चुन्याचीच सफेदी. मजुरी आणि दिवस सिमेंटपेक्षा जास्त लागतात, आणि चुन्याचा हात असलेला गवंडी शोधावा लागतो. म्हणून आधी मागीलदारची एखादी भिंत करून घ्यावी, तिच्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा, मग ओटीकडे वळावं.

न्हाणीघरात आणि मोरीच्या सतत भिजणाऱ्या कोपऱ्यांत मात्र साधा चुना टिकत नाही. तिथं काय वापरायचं, ते पुढच्या आठवड्यात.