बोंडातली अळी मरेनाशी का झाली?

ऑक्टोबर महिन्यात जालना जिल्ह्यातल्या बदनापूर, भोकरदन, अंबड, परतूर अशा कोणत्याही भागात जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी दिसेल. तिची फुले जरा निरखून पाहा. निरोगी फूल पाकळ्या पसरून उमलते. काही फुले मात्र उमलतच नाहीत. त्यांच्या पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात. अशा फुलाला शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतात. एखादी डोमकळी हळूच उलगडली, तर आत बारीकशी अळी सापडेल. पाकळ्या रेशमासारख्या धाग्याने आतून तिनेच बांधून टाकलेल्या असतात. हीच गुलाबी बोंडअळी. जुनी माणसे तिला शेंदरी बोंडअळी म्हणतात.

पूर्ण वाढलेली ही अळी जेमतेम सेंटिमीटरभर लांब असते. पण २०१७ साली तिने महाराष्ट्रातल्या कापूस पिकविणाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळविले. अनेकांनी उभ्या कपाशीत नांगर घातला. नवल असे, की ही अळी पीक खाताच मरावी अशा बेताने तयार केलेलीच कपाशी त्या शेतांत होती! मग अळी मेली का नाही?

बंद घरातला चोर

आधी या किडीची ओळख करून घेऊ. तिचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. भडोचहून पाठविलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली तिचे वर्णन केले. म्हणजे कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखाला ती नवी नाही.

तिचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा असतो आणि रात्री उडतो. मादी पाते, फुले व कोवळी बोंडे यांवर शंभराहून अधिक अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून पांढुरकी अळी बाहेर पडते आणि लगेच बोंडात शिरते. बोंड वाढू लागले, की तिने पाडलेले भोक बुजून जाते. अळी आत सरकी खात बसते. बाहेरून बोंड चांगले दिसते. फवारलेले औषध आत पोहोचत नाही. दोन आठवड्यांनी अळी बाहेर येते, कोषात जाते आणि पुन्हा पतंग होतो. सुमारे महिनाभरात एक पिढी पुरी!

हंगाम संपला, की शेवटच्या पिढीतल्या पुष्कळ अळ्या कोषात न जाता झोपी जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत ही अळी महिनोन्‌महिने राहते. शेतातली जुनी पऱ्हाटी, जिनिंगमधली सरकी ही तिची निजण्याची ठिकाणे.

जिवाणूचे विष

मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू सापडतो. त्याच्या नावातल्या दोन आद्याक्षरांवरून ‘बीटी’ हा शब्द आला. हा जिवाणू एक स्फटिकासारखे प्रथिन बनवितो. अळीच्या पोटातला रस अल्कधर्मी असतो. त्यात ते प्रथिन विरघळते आणि आतड्याच्या अस्तरावरील ठरावीक जागी, कुलपात किल्ली बसावी तसे, जाऊन बसते. मग आतड्याला भोके पडतात. अळी खाणे सोडते आणि मरते. आपल्या पोटात आम्ल असते आणि ती ‘कुलपे’ही नसतात, म्हणून हे प्रथिन आपल्याला बाधत नाही. मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींवरही त्याचा परिणाम होत नाही.

हे प्रथिन बनविणारे जनुक शास्त्रज्ञांनी कपाशीत बसविले. भारतात या कामाचा जालन्याशी जवळचा संबंध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी काढली. १९९८ सालचा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. अमेरिकेतल्या मोन्सॅन्टो कंपनीचे जनुक घेऊन महिकोने भारतीय संकरित वाणांत उतरविले आणि मार्च २००२ मध्ये सरकारने त्यांतल्या तीन वाणांना परवानगी दिली. २००६ साली दोन जनुके असलेली कपाशी आली. काही वर्षांतच देशातली बहुतेक कपाशी बीटी झाली आणि बोंडअळ्यांवरची फवारणी एकदम कमी झाली.

दहा लाखांत एक

मग बिघडले कोठे? थोडे गणित करू या.

प्रत्येक अळीला एकेका जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक आईकडून, दुसरी वडिलांकडून. समजा, अळ्यांमध्ये हजारात एक प्रत अशी आहे, की जिच्यामुळे आतड्यातले ‘कुलूप’ बदलते. कुलूप बदलले, की विषाची किल्ली बसत नाही. पण अळी वाचण्यासाठी दोन्ही प्रती तशा हव्यात. हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक! बाकी सगळ्या मरतात.

दहा लाखांत एक म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण बाकीच्या मेल्या, की शिल्लक राहिलेल्यांचीच आपसांत जोडी जमते आणि त्यांची सारी पिल्ले विष पचविणारी निघतात. वर्षातून अनेक पिढ्या, त्यात पऱ्हाटी पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत राखण्याची ‘फरदड’ची रीत. अळीला वर्षभर अन्न मिळाले. डार्विनने सांगितलेली नैसर्गिक निवड आपल्या कपाशीच्या ओळींत घडली. २०१० साली गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला न जुमानणारी अळी आढळली. पुढे दुसऱ्यालाही तिने हरविले आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने कहर केला.

किडीसाठी पेरणी!

हा धोका शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हता काय? होता. त्यावर त्यांनी एक युक्ती सांगितली होती. बीटी कपाशीच्या कडेने साध्या कपाशीच्या पाच ओळी, किंवा पाचवा हिस्सा क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढे लावावे. या ‘आश्रय’ ओळींवर साध्या अळ्या जगतील. त्यांचे पतंग विष पचविणाऱ्या पतंगांशी जोडी जमवतील. त्यांच्या पिल्लांत बदललेली प्रत एकच असेल, म्हणून ती बीटी कपाशीवर मरतील.

त्यासाठी पाकिटासोबत साध्या बियांची वेगळी पुडी मिळे. पण दोन-तीन एकरांच्या धन्याला स्वतःच्या रानात किडीसाठी पेरा असे सांगितले, तर त्याला ते कसे पटावे? बहुतेक ठिकाणी ती पुडी वापरली गेली नाही. नंतर दोन्ही बिया एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली.

आता दुसरे टोक पाहा. अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी होती आणि बीटी कपाशीही होती. तेथे आश्रय ओळींचा नियम पाळला गेला. २००६ पासून किरणोत्सर्गाने वंध्य केलेले अब्जावधी पतंग विमानांतून सोडले. रानातल्या मादीची जोडी अशा पतंगाशी जमली, की तिची अंडी फुकट जात. २०१८ साली अमेरिकेने आपला कापूस-प्रदेश या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. कीड तीच, पण उपाय एकाच्या जागी अनेक होते.

अनेक उपायांची मोळी

यालाच ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ म्हणतात. जूनपूर्वी लागवड न करणे, कमी दिवसांत येणारे वाण निवडणे, डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाटीचा नायनाट करणे, फरदड न घेणे, डोमकळ्या तोडून नष्ट करणे असे हे उपाय आहेत. किडीच्या अंड्यात आपले अंडे घालणारी ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशीही मदतीला येते.

कामगंध सापळ्याची गंमत तर वेगळीच आहे. मादीच्या वासासारखा कृत्रिम वास लावलेल्या या सापळ्यात नर पतंग फसतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर समजावे, की धोक्याची पातळी आली. औषधाचा विचार तेव्हा करायचा, तोही शेवटचा उपाय म्हणून. उगीच फवारले, तर मित्रकीटक मरतात आणि माणसांनाही धोका असतो. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नका.

तुम्ही काय कराल?

तुमच्या घरी किंवा शेजारी कपाशी असेल, तर मोठ्यांना विचारून आणि नुकती फवारणी झालेली नाही याची खात्री करून एक पाहणी करा. एका एकरातून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडा आणि मोठ्यांकडून ती चिरून घ्या. दोन किंवा अधिक बोंडांत अळी सापडली, तर नुकसान दहा टक्क्यांवर गेले. दर आठवड्याला आकडे वहीत तारखेसह मांडा आणि हात साबणाने धुवा. पुढे ती वही घेऊन जालन्याजवळच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात गेलात, तर तेथील तज्ज्ञांशी बोलायला तुमच्याजवळ नेमके काही असेल. कारण कीड दर महिन्याला नवी पिढी उभी करते. तिच्याशी सामना करणाऱ्याला तिची मोजदाद सतत ठेवावीच लागते.