कॅडॅसिल : जनुक सापडलं, मग औषध का नाही?

आता कॅडॅसिलकडे येऊ. १९७६ साली पॅरिसमध्ये डॉ. मारी-जर्मेन बूसेर यांनी एक रुग्ण तपासला. पुढे त्याच्या कुटुंबाचा अभ्यास झाला. १९९३ मध्ये आजाराचा माग १९व्या गुणसूत्रापर्यंत लागला आणि १९९६ मध्ये नॉच-३ हे जनुक सापडलं.

बिघाड काय होतो, बघा. नॉच-३ प्रथिनात सिस्टीनचे रेणू जोडीनं बांधलेले असतात. जनुकातल्या बदलामुळे त्यातला एक वाढतो किंवा कमी होतो. म्हणजे एक बिनजोडीचा उरतो. असं प्रथिन मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचत जातं. बऱ्याच जणांत सुरुवात अर्धशिशीनं होते, मग छोटे छोटे पक्षाघात, पुढे विचारांचा वेग मंदावतो.

मग औषध? अल्झायमरसाठीच्या डोनेपेझिलची १६८ रुग्णांवर १८ आठवडे चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल आला : मुख्य मोजमापात फरक नाही. आजार थांबवणारं औषध तपासणं तर आणखी अवघड. रुग्ण थोडे, विखुरलेले, आणि आजार वर्षानुवर्षं सावकाश पुढे सरकणारा. म्हणून संशोधक एमआरआयमध्ये आणि रक्तात लवकर दिसणाऱ्या खुणा शोधताहेत.

प्रत्येक अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी. पण लक्षणं नसलेल्या मुलानं चाचणी करायची का, हे सज्ञान झाल्यावर, समुपदेशन घेऊन त्यानंच ठरवायचं. जाणून न घेण्याचा हक्कही त्याचाच. विडी-सिगारेट सोडणं आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणं मात्र आजच आपल्या हातात आहे.