जुन्या बंबाचें तांबें आणि घरची वीज

आमच्या वाशीम जिल्ह्याचा तांब्याशीं संबंध फार जुना आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति यानें वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथून आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं ब्राह्मणांस एक गांव दान दिलें. त्या दानाचा ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला. सोळाशेंहून अधिक वर्षें तांब्यानें तीं अक्षरें जपून ठेविलीं. त्याच धातूचे आमच्या घरोघरचे बंब, हंडे आणि घंगाळें मात्र माळ्यावर धूळ खात पडतात व शेवटीं मोडीच्या भावानें जातात. मानोरा तालुक्यांतील इंझोरी येथें आमच्या घरीं अशा एका बंबाचा उपयोग विजेच्या कामीं कसा झाला, आणि त्यापूर्वीं आमच्या हातून कोणती चूक घडली, तें वाचकांस सांगावें असें वाटतें.

आमच्या घरीं सौर पत्रे आहेत, आणि त्यांची वीज सांठविण्यासाठीं बारा व्होल्टांच्या चार बॅटऱ्या आहेत. चारही बॅटऱ्यांचीं धन अग्रें एका धातूच्या पट्टीस व ऋण अग्रें दुसऱ्या पट्टीस जोडावीं लागतात. या पट्टीसच कारागीर बसबार म्हणतात. दिसावयास ती अगदीं क्षुल्लक, पण घरांतील सारी वीज तिच्यांतून जाते.

आमची चूक

पहिल्या वेळीं आम्हीं जवळ पडलेली एक पितळी पट्टी वापरली. ती पिवळी, चकचकीत व दिसण्यांत भक्कम होती. आषाढांत एके सायंकाळीं वीज गेली असतां घरगुती चक्की व पंखे बॅटऱ्यांवर चालू होते. भिंतीपलीकडे आजींची खाट आहे. त्यांनींच प्रथम हांक मारिली, “अरे, कांहीं तरी जळतें आहे, बघा!” जाऊन पाहतों तों पट्टीजवळच्या तारेचें वेष्टण मऊ होऊन लोंबत होतें. तत्काळ भार बंद केला म्हणून निभावलें. दोष आमचाच होता, आणि तो हिशेब न करण्याचा होता.

तो हिशेब असा. १००० वॅटांचा भार घरच्या २३० व्होल्टांच्या तारेंत सव्वाचार-साडेचार अँपियर प्रवाह मागतो. पण बारा व्होल्टांवर तोच भार ८३ अँपियर मागतो, आणि इन्व्हर्टरमधील घट धरली तर सुमारें १००. उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. शुद्ध तांब्याची वाहकता १०० धरली, तर ॲल्युमिनियमची सुमारें ६१ आणि सामान्य पितळेची अवघी २५ ते २८ भरते. आमच्या पट्टीची रुंदी २० मिलिमीटर व जाडी १ मिलिमीटर होती. एवढ्या छेदाच्या ३०० मिलिमीटर लांब पितळेंत १०० अँपियरांनीं दहा वॅटांच्या जवळपास उष्णता निर्माण होते. शिवाय सांध्याखालचा कळंक आम्हीं खरवडला नव्हता. सांध्यांत ओहमच्या हजाराव्या भागाइतका रोध राहिला तरी तेवढ्याच एका ठिकाणीं आणखी दहा वॅट उष्णता कोंडते.

तांबें कोणतें घ्यावें

आजींनीं माळ्यावरचा बूड गेलेला बंब काढून दिला. कानशीनें कडा घांसतांच आंतून लालसर रंग दिसला. पिवळा दिसता, तर तें पितळ ठरतें. वातानुकूलन यंत्राची तांब्याची नळी ठोकून सपाट केली तरी चालते. मात्र अशा तांब्यांत बहुधा स्फुरदाचा अंश असतो व त्यानें वाहकता कांहींशी उतरते. म्हणून मोडीचें तांबें घेतांना छेद हिशेबापेक्षां सढळ धरावा.

दोन गोष्टी टाळाव्या. तारांचीं वेष्टणें जाळून तांबें काढूं नये. तो धूर विषारी असतो. आणि कोठून आली तें विक्रेता सांगत नाहीं अशी तार घेऊं नये. तांब्यासाठीं रोहित्रें फोडलीं जातात, मग गांव अंधारांत राहतो व शेतकऱ्याचा पंप बंद पडतो. आपल्या घरचा दिवा त्या तांब्यावर लागूं नये.

पट्टीची घडण

बंबाचा पत्रा १ मिलिमीटर जाड भरला. त्याच्या २५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापल्या. ठोकून तांबें कडक होतें. तें मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडविलें कीं मऊ पडतें. पोलादाची रीत याच्या उलट आहे. तापविल्यानें आलेली काळी पुटें चिंच व मीठ लावून घांसलीं, आणि पट्ट्या स्वच्छ धुऊन कोरड्या केल्या.

बॅटरीच्या आम्लाच्या वाफेनें उघडें तांबें हिरवें पडतें, म्हणून कल्हई हवी. ज्या नवसागरानें व कथलानें आपल्या पातेल्यांस कल्हई होते, तीच येथें चालते. मात्र नवसागराचा अंश राहिल्यास तोच धातू खातो, तेव्हां ऊन पाण्यानें पट्टी पुनःपुन्हा धुवावी. कल्हई केलेल्या चार पट्ट्या एकावर एक दाबून पुन्हा तापविल्या कीं २३२ अंशांवर कथील वितळून त्या एकजीव होतात. असा १०० चौरस मिलिमीटरांचा छेद मिळतो. ८ मिलिमीटरांचें छिद्र पाडल्यावर त्या जागीं ६८ उरतो. चौरस मिलिमीटरास दीड अँपियर हें सावध प्रमाण धरलें, तर १०० अँपियरांस तो पुरतो. आतां ३०० मिलिमीटर लांबीच्या पट्टींत उष्णता होते ती साधारण अर्धा वॅट!

तांबें घरीं वितळवून ओतण्याचा मोह मात्र धरूं नये. तें १०८५ अंशांवर वितळतें, आणि सांच्यांत पाण्याचा थेंब असला तर तप्त धातू अंगावर उडतो.

बसवितांना

पट्ट्या भिंतीवर बेकेलाइटच्या ठोकळ्यांवर एकमेकींपासून दूर बसवाव्या व झांकाव्या. प्रत्येक बॅटरीच्या तारेची लांबी सारखी ठेवावी, म्हणजे भार सारखा वांटला जातो. तारेचें टोक थेट तांब्यावर टेकावें. वॉशर वर असावा, मध्यें नव्हे. प्रत्येक बॅटरीच्या धन अग्राजवळ फ्यूज असावाच, कारण दोन अग्रें चुकून जुळलीं तर हजारांवर अँपियर वाहूं शकतात. काम करतांना अंगठी, बांगड्या व मंगळसूत्र काढून ठेवावें, आणि पान्याच्या दांड्यास चिकटपट्टी गुंडाळावी. बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो. हवेंत तो शेंकडा चार झाला कीं ठिणगीनें पेट घेतो. खोलीस वरच्या बाजूस झरोका ठेवावा.

शेवटची परीक्षा मिलिव्होल्टमापकानें करावी. भार चालू ठेवून प्रत्येक सांध्याच्या दोहों बाजूंस मापक लावावा. सर्व आंकडे सारखे व लहान असावेत. एखादाच वेगळा निघाला तर तो सांधा उघडून पुन्हा घांसावा. महिन्यानें सारे बोल्ट एकदां आवळावे. इतकें करून शंका राहिलीच, तर जाणत्या कारागिरास दाखविल्यावांचून भार चढवूं नये.

आमच्या पट्ट्या गेले वर्षभर थंड आहेत. आजींची खाट आम्हीं हलवूं म्हटलें होतें. त्यांनीं हलवूं दिली नाहीं. मात्र वीज गेली कीं “सांधे पाहिलेत ना?” असें त्या विचारतात, आणि आम्ही पाहून येतों.