स्वामित्वशुल्क, चित्रपटगीतांचे
चित्रपटगीताच्या वापराबद्दल गीतकार व संगीतकार यांना वेळोवेळी मिळणारा मोबदला. चित्रपटासाठी मोल देऊन करवून घेतलेल्या रचनेचा, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच स्वामी ठरतो, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. त्यामुळे गीत कितीही गाजले, तरी रचनाकाराचा हक्क बहुधा एकरकमी मानधनावर संपत असे. २०१२ मध्ये लेखाधिकार (कॉपीराइट) अधिनियमात दुरुस्ती होऊन चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वशुल्कात त्याला समान वाटा मिळाला. तो निर्मात्याला सोडून देता येत नाही. आंतरजालावरील गीतसेवा वर्गणी व जाहिराती यांच्या उत्पन्नातून हे शुल्क देतात. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (स्थापना १९६९) ते गोळा करून सभासदांत वाटते. गीताच्या नोंदीत रचनाकाराचे नाव नसल्यास मात्र लाखो श्रवणांचे शुल्कही त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते.