आजच्या दिवसाची देवता

रोम शहरातील एका वस्तुसंग्रहालयात संगमरवराचे एक प्रचंड स्त्रीमुख ठेवलेले आहे. उंची १.४६ मीटर, म्हणजे पावणेपाच फुटांहून थोडी अधिक. जवळच हाताचा व पायांचा भाग आहे. धड कोठेच नाही. पाहणारा साहजिकच म्हणतो, 'अरेरे! केवढी मूर्ती फोडली!' आम्हांला वाटते, ही हळहळ थोडी चुकते.

त्या काळी रोमजवळ संगमरवर मुबलक नव्हता. लूना, म्हणजे आजचे कारारा, येथील खाणी मोठ्या प्रमाणावर चालू झाल्या त्या नंतर; तोवर चांगला दगड ग्रीसकडून जहाजाने आणावा लागे. तेव्हा शिल्पकार काय करीत? चेहरा, हात, पाय एवढेच उघडे अवयव संगमरवराचे घडवीत, आणि वस्त्राखालचे अंग लाकडाचे किंवा धातूचे बनवून त्यावर ते बसवीत. अशी मूर्ती स्वस्त पडे आणि हलकीही होई. ही मूर्ती त्याच जातीची; उंची सुमारे ८ मीटर असावी. पुढे लाकूड कुजते. धातू तर कोणीही वितळवून नेतो. दगड तेवढा उरतो. म्हणजे या मुखाचे संगमरवरी धड हरवलेले नाही. ते मुळी घडवलेच नव्हते!

देवी कोण? फोर्तुना, म्हणजे भाग्यदेवता. पण साधी नव्हे, 'आजच्या दिवसाची' फोर्तुना. इ. स. पू. १०१ मध्ये, ३० जुलै रोजी, व्हेर्केल्ले येथे मारियुस आणि कातुलुस यांनी किंब्री टोळ्यांचा पराभव केला. त्या दिवशी कातुलुसने देवीला मंदिर बोलले आणि नवस फेडला. मंदिर गोल होते. त्याचे सहा खांब आजही उभे आहेत. पुढे त्यावर शहर वसले. १९२६ साली नव्या इमारतींसाठी जुनी घरे पाडू लागले, तेव्हा एकाजवळ एक अशी चार मंदिरे जमिनीतून वर आली आणि त्यांबरोबर हे अवयवही. त्या जागेस लार्गो अर्जेंतीना म्हणतात.

या गोल मंदिराच्या पाठीमागेच पाँपीचे सभागृह होते. इ. स. पू. ४४ च्या १५ मार्चला जूलियस सीझरला तेथेच भोसकले. त्या दिवसाची देवता तेव्हा भिंतीपलीकडे उभी होती!

आता तिचा मुक्काम १९१२ साली सुरू झालेल्या एका जुन्या वीजघरात आहे. १९९७ पासून तेथे पुराणमूर्ती मांडल्या असून, देवीच्या सोबतीला बंद पडलेली अजस्र डिझेल इंजिने आहेत.