शिंपल्यांचा कर्करोग कसा ओळखतात?

तिसऱ्या, कालवं, खुबे म्हणजे कोकणी माहेरचा मेवा. चलथाणला तो सहज मिळत नाही, म्हणून माहेरहून डबा आला की घरात त्याचा सोहळाच होतो. या शिंपल्यांनाही कर्करोगासारखा आजार होतो, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

हा आजार आपल्या रक्ताच्या कर्करोगाशी मिळताजुळता. शिंपल्याच्या अंगातल्या रक्तासारख्या द्रवातील पेशी बेसुमार वाढतात, अवयवांत शिरतात आणि बहुतेक वेळा प्राणी मरतो. बाहेरून कवच मात्र ठणठणीत दिसते. म्हणून निदान सुईने करावे लागते. कवच मिटणाऱ्या स्नायूतून थेंबभर द्रव काढून तो काचपट्टीवर ठेवतात. निरोगी पेशी थोड्याच वेळात काचेला चिकटून हातपाय पसरतात; रोगट पेशी गोल, सुट्याच राहतात आणि त्यांचे केंद्रक भलतेच मोठे असते. एवढे पाहायला कॉलेजातला सूक्ष्मदर्शकही पुरेल. मात्र आजार नुकताच सुरू झाला असेल, तर मोजक्या रोगट पेशी नजरेतून निसटतात. मग मांसाचे पातळ काप रंगवून पाहतात किंवा डीएनए तपासतात.

या डीएनएनेच शास्त्रज्ञांना चकित केले. कालवांतील हा आजार अमेरिकेत १९६९ साली नोंदला गेला. पुढे कोणी विषाणूला दोष दिला, कोणी प्रदूषणाला. २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील मायकेल मेट्झगर, स्टीफन गॉफ आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, मेन आणि कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले तपासले. त्यांतील रोगट पेशी एकमेकींशी जुळल्या, पण ज्या शिंपल्यात त्या होत्या त्याच्याशी जुळल्या नाहीत! म्हणजे इथे कर्करोगाची पेशीच एका शिंपल्यातून दुसऱ्यात जाते, बहुधा पाण्यातून. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही समागमातून अशीच एक गाठ लागते. २०२३ च्या अभ्यासानुसार, शिंपल्यांतील ही पेशी-परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे.

गृहिणींनी घाबरू नये. माणसाला याची लागण झाल्याचे एकही उदाहरण नाही. सांडपाण्याच्या खाडीतले जंतू हीच खरी काळजी, त्यासाठी तिसऱ्या नीट शिजवाव्यात. झळ बसते ती ओहोटीला चिखलात शिंपले वेचणाऱ्या बायकांना. शिंपले मेले की दोष उन्हाला, पावसाला किंवा कारखान्याला दिला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. पण एका खाडीतले जिवंत बी दुसरीत सोडण्यापूर्वी तरी तो एक थेंब पाहिला जावा.